आमदार होण्याआधी हा माणूस काय करायचा?

(दृश्य: सोलापूर, कोर्टाचा व्हरांडा, सकाळी अकराच्या आसपास)

कोर्टाच्या दारात उभा असलेला शिपाई बघितला असेल तुम्ही. अंगात ड्रेस, छातीवरून तिरका पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, म्हणून तर त्याला पट्टेवाला म्हणायचे. आतून केस निघाली की हा दारात येणार, पक्षकाराचं नाव पुकारणार, व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बिडी ओढत बसलेल्या माणसाला पण ऐकू गेलं पाहिजे असं, आणि मग परत आत जाऊन लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे या टेबलावरून त्या टेबलावर. दिवसभर उभं राहून करायचं काम आहे हे, आणि दिवसभर दुसऱ्याची नावं घ्यायची, आपलं नाव कोणी विचारत नाही.

सोलापूरच्या कोर्टात एक तरुण पोरगा हेच शिपायाचं काम करत होता. घरची परिस्थिती हलाखीची, नोकरी करत करतच शिकायचं. शिकला, पदवी घेतली, कायद्याचंही शिक्षण घेतलं, आणि १९६५ च्या सुमाराला मुंबईत पोलिसात सीआयडीला सब-इन्स्पेक्टर म्हणून लागला. १९७१ ला ती नोकरी सोडली. लक्षात घ्या, पोलिसातली कायमची नोकरी होती, गरीब घरातल्या पोराने सोडायची गोष्ट नाही ती. १९७४ ला करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकली, जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि २०१२ ला देशाचे गृहमंत्री. सुशीलकुमार शिंदे. एकेकाळी जो कोर्टाच्या दारात नावं पुकारायचा तो.

हा व्हिडिओ करायचं डोक्यात आलं ते एका फॉर्ममुळे. निवडणुकीला उभं राहायचं तर उमेदवारी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, नमुना २६. गुन्हे किती, संपत्ती किती, कर्ज किती, हे सगळं त्यात असतं आणि टीव्हीवर आकडे पण तेवढेच दाखवतात. पण त्यातच एक छोटा रकाना असतो, व्यवसाय. स्वतःचा आणि जोडीदाराचा. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिल्यापासून नुसता व्यवसाय लिहून चालत नाही, उत्पन्न कुठून येतं ते पण लिहावं लागतं. मी रात्र रात्र बसून ही प्रतिज्ञापत्रं वाचली. शेती. शेती व व्यापार. शेती व समाजसेवा. नुसतंच समाजसेवा. एकेका शब्दात आख्खा माणूस गुंडाळून ठेवलेला. आणि मला राहून राहून वाटायचं की अहो, समाजसेवा करता ते चांगलंच आहे, पण घरात किराणा कशातून येतो?

म्हणून मग ठरवलं की रकान्याच्या मागे काय आहे ते बघायचं.

(दृश्य: भायखळा मार्केट, पहाट)

मुंबईत भाजीचा धंदा सूर्य उगवायच्या आत निम्मा होऊन गेलेला असतो. ट्रक रिकामे होतात, हमालांच्या डोक्यावर पाट्या, खाली पायात कोबीचा पाला, ओला चिखल, आणि भाव ओरडून ठरतो. इथे टिकायचं तर दोन गोष्टी पाहिजेत, आवाज आणि हिशोब. छगन भुजबळ याच भायखळ्याच्या बाजारात भाजी विकत मोठे झाले. व्हीजेटीआयमध्ये डिप्लोमा पण केला, पण बाजार काही सुटला नाही. मग शिवसेनेचे शाखाप्रमुख, नगरसेवक, १९८५ ला मुंबईचे महापौर, १९९१ ला परत महापौर, १९९९ ला उपमुख्यमंत्री. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असू दे, भाषण ऐका एकदा कान देऊन. समोरचा माणूस दहा पावलं पुढे निघून गेला तरी त्याला वळून बघायला लावायचं, हे बाजारात बसल्याशिवाय येत नाही असं माझं ठाम मत आहे.

तसंच ठाण्याचं. साताऱ्याकडच्या गावांतून जावळी-महाबळेश्वर पट्ट्यातली किती माणसं मुंबई-ठाण्याला आली याला हिशोब नाही, कोणी माथाडीत, कोणी गोदीत, कोणी मिलमध्ये. दरे नावाचं गाव, कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर, तिथलं एक कुटुंब असंच ठाण्याला आलं आणि त्यातला मुलगा रिक्षा चालवायला लागला. एकनाथ शिंदे. १९९७ ला ठाण्यात नगरसेवक, २००४ ला आमदार, ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री. अर्धवट राहिलेलं शिक्षण मंत्री असताना मुक्त विद्यापीठातून पूर्ण केलं. आजही गावी गेले की शेतात उतरलेले फोटो येतात.

आता इथे मला जरा थांबून बोलायचंय. २०२२ च्या त्या सगळ्या गदारोळात रिक्षावाला हा शब्द हिणवायला वापरला गेला. भुजबळांना भाजीवाला म्हणून हिणवलं गेलं. आणि प्रत्येक पक्षातले लोक दुसऱ्या पक्षातल्या माणसाबद्दल हे करतात, कोणी मागे नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. खाकी ड्रेस, खांद्याला चामड्याची बॅग, घरी आल्यावर आधी चिल्लर मोजायची आणि मग जेवायचं. तेव्हा कोणाच्या कामावरून कोणी टोमणा मारला की मला आतून लागतं. भूमिका चुकली असेल तर भूमिकेवर बोला, वाट्टेल तेवढं बोला, पण रिक्षा चालवली हा काय गुन्हा आहे का?

(दृश्य: डहाणू, नाक्यावरची वडापावची गाडी)

कढईत तेल तापलंय, बेसनाच्या पिठात बुडवून एकेक वडा सोडायचा, पहिला घाणा निघाला की खाली उरलेला चुरा वेगळा काढायचा कारण तो पण गिऱ्हाईक मागतं. विनोद निकोले डहाणूत वडापाव विकायचे. आदिवासी कुटुंबातला तरुण, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला, आणि २०१९ ला डहाणूतून विधानसभेत गेला. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात संपत्ती होती ५१,०८२ रुपये. लाख नाही, नुसते ५१,०८२. त्यावेळी निवडून आलेल्यांमध्ये सगळ्यात गरीब आमदार म्हणून बातम्या झाल्या. २०२४ ला ते परत निवडून आले. माझ्या डोक्यातून तो आकडा जातच नाही, कारण हल्ली प्रचारात एकेका सभेचा मंडप बघितला तरी त्यात तेवढे पैसे नुसते फुलांचे असतील.

बरं, सगळेच काही कष्टाच्या धंद्यातून आले असं नाही. वकील तर पहिल्यापासून भरपूर. यशवंतराव चव्हाण वकील, वसंतराव नाईक वकील, शंकरराव चव्हाण वकील, विलासराव वकील, आणि अंतुले तर बॅरिस्टर. त्याला कारण आहे, वकिलाला कोणाची रजा काढावी लागत नाही, तारीख नसेल त्या दिवशी पक्षाचं काम करता येतं, सरकारी नोकराला मात्र आधी राजीनामा द्यावा लागतो. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की आमदार-खासदाराला वकिली करायला बंदी नाही. पृथ्वीराज चव्हाण इंजिनिअर, पिलानीला शिकून अमेरिकेत बर्कलेला गेले. उद्धव ठाकरे फोटोग्राफर, हेलिकॉप्टरमधून काढलेले गडकिल्ल्यांचे फोटो आठवत असतील. तिकडे गोव्यात मनोहर पर्रीकर आयआयटी मुंबईचे मेटलर्जीवाले आणि म्हापशाला स्वतःचा कारखाना. आणि नागपूरकडचे डॉ. श्रीकांत जिचकार, हे तर वेगळंच प्रकरण, डॉक्टर झाले, कायदा केला, आयपीएस झाले, ते सोडून आयएएस झाले, ते पण सोडलं आणि १९८० ला पंचविशी-सव्विशीत आमदार. पोरं अजून स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये त्यांचं नाव घेतात.

आणि वसंतदादा पाटील. शिक्षण म्हणाल तर जेमतेम मराठी शाळेचं, धंदा शेती. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा जेल फोडून बाहेर पडले, खंदकातून नदीकडे पळताना खांद्याला गोळी लागली. याच माणसाने पुढे सांगलीला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला आणि मुख्यमंत्री असताना १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातली पोरं जी इंजिनिअर झाली त्यातली लाखभर तरी या एका निर्णयाने झाली असं मला वाटतं. त्याच निर्णयातून पुढे शिक्षणसंस्था हाच नेत्यांचा मोठा धंदा झाला हे पण खरंय, आणि ते मला आवडत नाही, पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

(दृश्य: स्वयंपाकघर, ओट्यावर लाटणं आणि थाळी)

एक रकाना मात्र लोक वाचतच नाहीत. गृहिणी. जणू काही तो व्यवसाय नाहीच. मृणाल गोरे मेडिकलला होत्या, राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी डॉक्टरकी सोडली. नवरा, केशव गोरे, १९५८ ला गेले, लहान मुलगी पदरात. गोरेगावात नळाला पाणी नाही म्हणून भांडल्या आणि पाणीवाली बाई हे नाव कायमचं चिकटलं. १९७२ ला आमदार झाल्या, आणि त्याच वर्षी महागाईविरुद्ध बायकांचा मोर्चा निघाला, अहिल्या रांगणेकर आणि बाकीच्या सगळ्या सोबत, हातात काय तर लाटणी आणि थाळ्या. तेल, साखर, रॉकेल, कशाचा भाव किती वाढला हे त्या बायकांना कोणी आकडेवारी देऊन सांगायची गरज नव्हती, महिन्याचा डबा पंचवीस तारखेला रिकामा झाला की कळतं. ज्या हत्याराने रोज काम करायचं तेच घेऊन रस्त्यावर आल्या. बघा ना, वकील कोर्टाची भाषा घेऊन येतो, शेतकरी पाण्याची, तशी ही बाई स्वयंपाकघराची भाषा घेऊन आली आणि सरकारला ती ऐकावी लागली.

(दृश्य: विधान भवन, मुंबई)

आपल्याकडे विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ जागा. परिषदेची रचना मुद्दाम समजून घ्या, कारण तिथे धंद्याला चक्क जागा ठेवलीय. सात जागा शिक्षकांच्या, शिक्षकच मतदान करतात. सात पदवीधरांच्या. आणि बारा जागा राज्यपाल नेमतात, साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातल्या माणसांसाठी. हल्ली या बारा जागांची बातमी येते ती फक्त वादाची, पण गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, १९६२ पासून बारा वर्षं आमदार होते हे किती जणांना माहितीय? गीतं लिहिणारा माणूस सभागृहात. पुण्याचे ग. प्र. प्रधान, फर्ग्युसनला इंग्रजी शिकवायचे, पदवीधर मतदारसंघातून १८ वर्षं परिषदेत होते, आणि तिथून बाहेर पडल्यावर लिखाण, संपादन, साधना साप्ताहिक. मास्तर आधी पण मास्तर आणि नंतर पण मास्तर.

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते आहे. माणूस आधी काय करायचा यापेक्षा, उद्या पडला तर परत जाऊन काय करणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय. ज्याला परत जायला काहीतरी काम आहे तो सभागृहात वेगळा बोलतो. तिकीट कापलं तर कापलं, म्हणू शकतो तो. ज्याचं आमदारकी हेच पोट आहे त्याला दर पाच वर्षांनी जीव मुठीत धरावा लागतो, आणि मग तो कुठल्या बाजूला उडी मारेल ते त्याचं त्याला सुद्धा सांगता येत नाही. माजी आमदाराला महिना ५०,००० रुपये पेन्शन मिळते हे खरं, पण मी पैशाबद्दल नाही बोलत.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख. मूळचे वकील. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर अकरा वेळा. दोनदा पडले पण, १९७२ ला आणि १९९५ ला. पक्ष बदलला नाही, सांगोल्यातच लोकांमध्ये काम करत राहिले, पुढच्या वेळी लोकांनी परत निवडून दिलं. एसटीत पुढे एक सीट असते बघा, वर लिहिलेलं असतं विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव. वडील सांगायचे, त्या सीटवर आख्ख्या नोकरीत आमदार बसलेला क्वचितच बघितला, म्हणून तिथे कोणी पोटुशी बाई आली की तिलाच बसवायचे. गणपतराव त्या एसटीने फिरायचे. आमदार असताना.

(दृश्य: अजिंठ्याजवळ पळसखेड, शेताचा बांध, संध्याकाळ)

ना. धों. महानोर. कवी म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहिती, पण प्रतिज्ञापत्र भरायची वेळ आली असती तर व्यवसाय काय लिहिला असता? शेतीच. कोरडवाहू रान, अजिंठ्याच्या डोंगराकडचं, पाऊस पडला तर पडला. १९७८ ला राज्यपालांनी परिषदेवर नेमलं, १९९० ला परत नेमलं. मुंबईत अधिवेशनाला जायचे आणि बोलायचे कशावर, तर पाणी कसं अडवायचं, फळबाग कशी लावायची, कोरडवाहूवाल्याने जगायचं कसं. कवितेवर बोलले असते तरी चाललं असतं, त्यासाठीच तर नेमलं होतं. मुदत संपली. माजी आमदार झाल्यावर मुंबईत फ्लॅट, सरकारी कमिटी, एखादं महामंडळ, असं काहीतरी गाठायची पद्धत आहे आपल्याकडे. महानोर पळसखेडला परत गेले. पाऊस यायच्या आत बांध घालायचे होते.