पाहुण्याची थुंकी आणि बाळाचं पोट

नमस्कार मंडळी, आज जरा लांब जाऊ, फिलिपीन्सला. तिथं घरी कुणी नवखा माणूस आला, बाळाकडं बघून म्हणाला किती गोड आहे हो, आणि तो गेल्यावर बाळ किरकिर करायला लागलं, पोट टम्म फुगलं, की आजी लगेच ओळखते, उसोग झाला. म्हणजे आपली दृष्टच की, असं तुम्ही म्हणाल. पण आपण मीठ-मोहरी ओवाळून मोकळे होतो, ज्याची लागली त्याला पत्ताही नसतो, तिकडं मात्र त्याच पाहुण्याला परत बोलावतात आणि तो बोटावर स्वतःची थुंकी घेऊन बाळाच्या पोटाला नाहीतर कपाळाला लावतो, 'पुएरा उसोग', म्हणजे उसोग दूर हो, असं म्हणतो. ना भांडण, ना संशय. ज्याच्याकडून त्रास झाला त्यानंच तो उतरवायचा, मला हे फार म्हणजे फार आवडलं. अर्थात बाळ तरीही शांत होत नसेल तर डॉक्टर गाठायचाच, वाट बघायची नाही.

तसंच वारुळाचं. त्यात नुनो नावाचा म्हातारा राहतो म्हणे, म्हणून जवळून जाताना 'ताबी ताबी पो' म्हणायचं, म्हणजे जरा सरकता का हो, जाऊ द्या. न विचारता तुडवलं तर पाय सुजतो. मग अल्बुलार्यो, म्हणजे गावचा जाणता, तुरटी निखाऱ्यावर टाकतो आणि ती फुगून जो आकार येतो त्यात त्रास कुणाचा ते बघतो. हे कळलं तेव्हा मी थबकलेच, कारण आमची आजी दृष्ट काढून तुरटी चुलीत टाकायची आणि आम्ही पोरं त्या पांढऱ्या फुगलेल्या खड्यात डोळे-नाक शोधत बसायचो!

तिथल्याच लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीत राहणाऱ्या इफुगाओ लोकांत मुंबाकी, म्हणजे त्यांचा पुजारी, असतो, तो पूर्वजांना हाका मारतो, कोंबडी कापून तिचं पित्ताशय बघतो आणि कौल सांगतो.

आणि पास्मा. दिवसभर इस्त्री करून तापलेले हात लगेच गार पाण्यात घातले की थरथरतात, तळव्यांना घाम फुटतो, असं तिथल्या बायका सांगतात. मग हिलोत, म्हणजे तेल लावून चोळणं.

तिथल्या सरकारनं 1997 साली पारंपरिक उपचारांसाठी कायदाच केला. खोकल्यावर तिथं लागुंडीचं सिरप दुकानात मिळतं, आणि लागुंडी म्हणजे कोण, तर आपली बांधावरची निर्गुडी, जिचा पाला गरम करून आपण सुजलेल्या गुडघ्याला बांधतो.