प्रोटियाची पेरणी : थंड रात्री, धूर आणि उपाशी माती

(दृश्य : टेबल माउंटनचा पूर्व उतार, किर्स्टनबॉश उद्यान)

दक्षिण गोलार्धात मार्च सरत आला की उन्हाळा ओसरतो. केपटाउनला टेबल माउंटनच्या पूर्व उतारावर किर्स्टनबॉश हे वनस्पती उद्यान आहे, १९१३ साली उभं राहिलेलं. या दिवसांत इथे दुपारी ऊन असतं, पण रात्री गारवा उतरू लागतो. प्रोटिया या इथल्या फुलझाडाची पेरणी करायची ती याच सुमाराला. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, दिवसा वीसच्या आसपास, असा चढउतार काही आठवडे मिळाला की बी हलतं. नुसती ऊब दिली तर ओल्या मातीत ते तसंच पडून राहतं, नाहीतर कुजतं.

केपमध्ये, म्हणजे केपटाउनच्या परिसरात, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. गार रात्री सुरू झाल्या म्हणजे पाऊस जवळ आला. तेव्हा उगवलेल्या रोपाला मुळं खोल न्यायला सगळा पावसाळा मिळतो. भर उन्हाळ्यातल्या एखाद्या चुकार सरीवर जे उगवेल, ते करपून जाईल.

(दृश्य : किंग प्रोटियाचं फूल, मग वाळलेली बोंडं)

हा किंग प्रोटिया, दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रीय फूल. त्यांच्या क्रिकेट संघाच्या टोपीवर आपण तो अनेकदा पाहिलाय. एक फूल म्हणून जे दिसतं, तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. तरीही त्यातून भरलेलं बी फार थोडं निघतं. फूल सुकल्यावर बोंड कित्येक महिने झाडावरच राहू द्यावं लागतं. मग ते फोडायचं आणि लवीने झाकलेलं एकेक बी चिमटीत दाबून पाहायचं. पोकळ असेल ते दबतं, भरलेलं टणक लागतं. हे निवडायचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळणारा माणूस महिनोन्‌महिने रिकाम्या टरफलांना पाणी घालत बसतो.

(दृश्य : जळून गेलेला डोंगरउतार, काळी खोडं)

इथल्या झुडपी रानाला फिनबॉस म्हणतात. साधारण दहा-वीस वर्षांनी त्यात वणवा लागतो. किंग प्रोटिया जमिनीखालच्या जाड बुंध्यातून पुन्हा फुटतो. शुगरबुश, म्हणजे प्रोटिया रिपेन्स, मात्र वणव्यात मरतो. त्याने कित्येक वर्षांचं बी बोंडांत जपून ठेवलेलं असतं. झाड मेलं की बोंडं उघडतात आणि बी मोकळ्या, राख पडलेल्या जमिनीवर उतरतं.

त्याच कुळातल्या पिनकुशनची, म्हणजे ल्युकोस्पर्ममची, रीत मला सगळ्यांत विलक्षण वाटते. त्याच्या बीवर मुंग्यांना आवडेल असं मांसल आवरण असतं. मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, आवरण खातात आणि बी तिथेच सोडतात. उंदरांपासून सुरक्षित राहिलेलं ते बी पुढच्या वणव्यापर्यंत जमिनीखाली थांबतं. माणसांबरोबर इथे आलेल्या अर्जेंटिनी मुंग्या मात्र आवरण खाऊन बी उघड्यावर टाकतात. त्या जिथे पसरल्या, तिथे नवी रोपं कमी उगवतात.

(दृश्य : धुराच्या पाण्यात भिजणारं बी)

बागेत वणवा कसा आणायचा? १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिनबॉसमधल्या बियांना धुराचाही संकेत लागतो. त्यानंतर किर्स्टनबॉशमध्ये धूर मुरवलेल्या पाण्याची रीत बसली. बी त्यात एक दिवस भिजवायचं आणि पेरायचं. धुरातला नेमका घटक २००४ मध्ये सापडला. प्रोटियाला मुख्य हवी ती थंडी, धूर हा जोडीचा. पिनकुशनचं टणक कवच मात्र वेगळा उपाय मागतं. एक टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ते दिवसभर ठेवलं की गर्भाला प्राणवायू पोचतो.

(दृश्य : जुनी चामडी वही)

हे बी किती काळ थांबू शकतं? १८०३ मध्ये यान टेरलिंक हा डच व्यापारी केपहून बियांच्या पुड्या घेऊन मायदेशी निघाला होता. ब्रिटिशांनी जहाज पकडलं. त्याच्या कागदपत्रांबरोबर ३२ जातींचं बी लंडनमध्ये दोन शतकं पडून राहिलं. शीतगृह नाही, काही नाही. २००६ मध्ये इंग्लंडच्या मिलेनियम सीड बँकेने ते पेरलं. तीन जाती उगवल्या. त्यात ल्युकोस्पर्ममच्या आठ बियांपैकी एक होती.

(दृश्य : वाळूचा ट्रे, कोवळी रोपं)

आता माती. जाडी वाळू, थोडं कोकोपीट, आम्ल आणि भुसभुशीत मिश्रण. बी स्वतःच्या जाडीइतकंच झाकायचं. उगवायला महिना ते तीन महिने लागतात. शेणखत नको, सुपर फॉस्फेट तर अजिबात नको. केपच्या वाळूत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, इतका कमी असतो की प्रोटियाची मुळं बारीक केसाळ झुबके सोडून, आम्लं पाझरवून तो कणाकणाने मिळवतात. आयता स्फुरद समोर आला तर मुळांना तो घेणं थांबवता येत नाही आणि पानं जळतात. प्रेमाने खत घालणारा माळी या झाडाला सगळ्यांत धोकादायक.

(दृश्य : काचघर, मग माउईचा ज्वालामुखी उतार)

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रोटियाची मोठी हौस होती. पुढे काचघरांत वाफेची ऊब आली, हवा दमट झाली आणि ही झाडं मरत गेली. हवाईचा किनारा असाच दमट, पण माउई बेटावर हालेआकालाच्या उतारावर, कूला गावाच्या उंचीवर, रात्री थंड होतात. तिथे प्रोटियाची शेती होते. इस्राएलमध्ये माती चुनखडीची. तिथल्या बागायतदारांनी चुनखडीत वाढणाऱ्या ल्युकोस्पर्ममच्या खुंटावर पिनकुशनची कलमं बांधली.

(दृश्य : दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगेतलं गवताळ पठार)

महाराष्ट्रात कुणाला करून पाहायचंच असेल, तर माझ्या मते केपकडे न बघता या पठाराकडे बघावं. इथे पाऊस आपल्यासारखाच वर्षाच्या उबदार महिन्यांत पडतो आणि हिवाळा कोरडा असतो. प्रोटिया काफ्रा आणि प्रोटिया रूपेलिए या जाती इथल्याच. तरी जून ते सप्टेंबरचा सह्याद्रीतला पाऊस त्यांनाही जड जाईल. ओल साचली की फायटोफ्थोरा बुरशी मुळं कुजवते. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना तिच्या भाईबंदांची चांगलीच ओळख आहे. त्यामुळे काळी जमीन सोडून द्यावी. पेरणी दिवाळीनंतर, रात्री खऱ्याखुऱ्या गार होतील अशा उंचीवर करावी. पावसाळ्यात रोपं छपराखाली, पण चारी बाजूंनी वारा खेळेल अशी ठेवावीत. पाणी सकाळी द्यावं आणि कुंडीखाली ताटली ठेवू नये. बियांपासून वाढवलेल्या किंग प्रोटियाला पहिलं फूल यायला केपमध्येसुद्धा चार-पाच वर्षं लागतात.