वाळवंटातला सायकलचा दिवस : वारा, पाणी आणि वेळ

मित्रहो, वाळवंटातून सायकलने लांबचा प्रवास म्हटला की ऐकणाऱ्याच्या मनात आधी ताकदीचा प्रश्न येतो. पायांत बळ किती लागते, दिवसाकाठी किती किलोमीटर होतात, असे लोक विचारतात. माझे म्हणणे असे आहे की हा दिवस निभावतो तो वेळेच्या आखणीवर, आणि पहाटे निघायला झालेला दोन तासांचा उशीर कितीही बळकट पायांना पुढे भरून काढता येत नाही.

याचे पहिले कारण वारा. रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन तळाशी बसून राहते आणि वरून वाहणारा जोराचा वारा खाली पोचत नाही. सूर्य वर येऊन जमीन तापली की हे थर एकमेकांत मिसळू लागतात आणि वरचा वारा खाली उतरतो. म्हणून पहाट बहुधा शांत असते आणि दुपार वाऱ्याची. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला आणि त्याने आपला वेग टिकवायचा हट्ट धरला, तर हा अवरोध चौपट होतो. अंधारातच तंबू आवरून फटफटताच रस्त्याला लागावे, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

दुसरे कारण पाणी, आणि इथे थोडे थांबायला हवे. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत जातो; बाकीची शरीरात उष्णता होऊन साठते. हवेचे तापमान त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की अंगाला लागणारी हवा उलट उष्णताच देऊ लागते आणि शरीराजवळ घाम वाळवण्याखेरीज उपाय उरत नाही. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, इतका हा उपाय प्रभावी आहे. फसगत अशी की हा घाम दिसतच नाही. चालत्या सायकलवर तो फुटताक्षणी उडून जातो, अंग कोरडे भासते आणि आपल्याला घाम येत नाही असेच वाटत राहते. दुपारी शर्ट काढून पाहावा तर पाठीवर मिठाचे पांढरे, वेडेवाकडे काठ उमटलेले असतात आणि कापड कडक झालेले असते.

ते मीठ शरीरातून गेलेले आहे, हे विसरून चालत नाही. थोड्या थोड्या वेळाने घोट घेत राहावे, पण मिठाशिवाय नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक आहे. त्याने रक्तातल्या सोडियमचे प्रमाण घटते. डोके दुखते, मळमळते, मन गोंधळते. ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असल्यामुळे माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी खचतो.

ऑस्ट्रेलियाच्या नलारबर मैदानातून १८९६ साली आर्थर रिचर्डसन सायकलने गेला. कूलगार्डीहून नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, तो मोजके सामान आणि पाण्याची एक पिशवी घेऊन निघाला आणि तारायंत्राच्या खांबांची ओळ धरून ३१ दिवसांनी ॲडलेडला पोचला. त्याच्या धाडसाविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्याचे अनुकरण कोणी करू नये, असेही मला तितक्याच कळकळीने सांगावेसे वाटते. त्याच प्रदेशात आज डांबरी रस्ता आहे, तरीही त्याचा एक तुकडा जवळजवळ १४७ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. तिथे पाण्याचा एकेक लिटर म्हणजे एकेक किलो ओझे, आणि ते कमी करायचा मोह आवरावाच लागतो.

दुपारी थांबायचे. झाड नसेल तर रस्त्याखालची मोरी हा उत्तम आसरा; मात्र आत शिरण्याआधी काठीने दगड हलवून साप-विंचू पाहावेत आणि आभाळ भरून आले असेल तर आत जाऊच नये. ऊन कलल्यावर उरलेले अंतर तोडावे. मुक्काम कोरड्या नदीपात्रात कधीही करू नये, कारण दूर कुठे पडलेल्या पावसाचे पाणी तिथे अचानक येते.

तंबू ठोकला की उजेड आहे तोवर टायर तपासावेत. सराट्याचा काटा बाहेरून उपटला तरी त्याचे टोक आत राहते आणि दुसऱ्या दिवशी नवी ट्यूब फोडते. म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतल्या बाजूने बोट हळूच फिरवावे. चेनला तेल कमीच द्यावे, कारण ओल्या तेलाला रेती चिकटते आणि चेन झिजते.

मग उरलेले पाणी मोजावे. पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंत ते पुरणार नसेल, तर मागे फिरायचे की येणारे वाहन थांबवून पाणी मागायचे, हे त्याच रात्री ठरवून टाकावे. दुसऱ्या दिवशी दुपारी, तापलेल्या डोक्याने, हा निर्णय नीट घेता येत नाही.