हलक्या आवाजातली रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री शहरात बाहेर पडायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात एखादा भरगच्च कार्यक्रम उभा राहतो. कुठे भेटायचे, मग कुठे बसायचे, तिथून पुढे कुठे जायचे, कोणाकोणाला बोलवायचे, याची जुळवाजुळव दोन दिवस आधीपासून सुरू होते, आणि प्रत्यक्ष बाहेर पडल्यावर निम्मा वेळ वाहनांच्या रांगेत व उरलेला ‘कुठवर पोहोचलात?’ असे एकमेकांना विचारण्यात जातो. मला आज बोलायचे आहे ते याहून पुष्कळ लहान अशा बेताविषयी. एखाददुसरा सोबती, बसायला एक जागा, थोडे चालणे आणि वेळेवर घरी परतणे, एवढाच तो बेत. तो साधला की फसला, हे माझ्या मते एकाच गोष्टीवरून कळते, आणि ती म्हणजे आवाज न चढवता बोलता आले की नाही.

ही कसोटी काहींना फारच क्षुल्लक वाटेल. पण सायंकाळी सातच्या सुमारास शांत असलेले उपाहारगृह नऊ वाजता कोलाहलाने का भरून जाते, याचा विचार करून पाहा. केवळ माणसे वाढली म्हणून तसे होत नाही. एतिएन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली असे दाखवून दिले की, भोवती गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आपला आवाज चढवतो. शेजारच्या टेबलावरची मंडळी मोठ्याने बोलू लागली की आपण आवाज चढवतो, आपला चढला की ती आणखी चढवतात, आणि त्यात संगीताचा आवाज वाढवला गेला की या चढाओढीला अंत राहत नाही. साध्या संभाषणाची पातळी साधारण ६० डेसिबल असते आणि दर १० डेसिबलच्या वाढीला आपल्या कानांना आवाज सुमारे दुप्पट वाटतो, हे ध्यानात घेतले तर एरवी मितभाषी असलेली माणसेही अशा ठिकाणी ओरडताना का दिसतात, हे समजते. काच, फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवून लावतात. जाड पडदे, गालिचे, कापडी गाद्यांच्या खुर्च्या तो शोषून घेतात. म्हणून नव्या ठिकाणी शिरताना मी आधी भिंतींकडे पाहतो. हा माझा विक्षिप्तपणा सोबत्यांच्या थट्टेचा विषय झालेला आहे, पण बसायची जागा निवडण्याचे काम ते माझ्यावरच सोपवतात.

गोंगाटात ऐकणे हेही श्रमाचे काम आहे. अनेक आवाजांतून एकच आवाज वेगळा काढण्याची आपल्या मेंदूची क्षमता ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रयोगांनी अभ्यासली. ही क्षमता थक्क करणारी असली तरी ती फुकट मिळत नाही, आणि वयोमानाने कान मंदावू लागले की तिची किंमत वाढत जाते. मोठ्या मेजवानीहून परतल्यावर, काहीही कष्ट केलेले नसताना, अंग गळून गेल्यासारखे वाटते त्याचे एक कारण हे असावे. समोरचा काय म्हणाला ते न कळताच मान डोलवण्यात मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत आणि त्यातल्या एका डोलण्यातून मी कोणत्या कामाला होकार देऊन बसलो होतो, ते येथे सांगत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दीच्या तासभर आधी, कोपऱ्यातली जागा धरून बसावे, एवढाच त्यावरचा माझा उपाय आहे.

बोलून झाले की चालावे. रात्री पाय मोकळे करायला रस्त्यावर उतरणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, त्याची सोय अलीकडची आहे हे लक्षात येत नाही. पॅरिसमध्ये १६६७ साली रस्त्यांवर काचेच्या कंदिलांत मेणबत्त्या लावण्याची सार्वजनिक व्यवस्था सुरू झाली आणि लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर १८०७ साली वायूचे दिवे झळकले. त्याआधी अंधार पडल्यावर बाहेर पडणाऱ्याला मशाल किंवा कंदील बरोबर बाळगावा लागे, आणि काम नसताना कोणी सहसा बाहेर पडत नसे. निरुद्देश भटकंतीची रात्र ही दिव्यांनी दिलेली देणगी आहे. आता मात्र दिवे इतके झाले आहेत की, शोधावा लागतो तो थोडा मंद उजेड.

मंद उजेडाला डोळे सरावायला वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या पेशी काही मिनिटांत स्थिरावतात, पण अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशींना पूर्ण जागे व्हायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ जातो. उद्यानातल्या बाकावर वा पाण्याच्या काठी तेवढा वेळ बसलात, तर झाडांच्या पानापानांतले भेद आणि पाण्यावरचे तरंग हळूहळू उमटू लागतात. मध्येच फोनचा पडदा उजळला की ही कमाई पुष्कळशी वाया जाते. दिवेलागणीच्या वेळी लाल फुले आधी काळवंडतात, पण हिरवी पाने मात्र उजळ दिसत राहतात, ही गंमत यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टिपून ठेवली. ती पाहायला कोणत्याही साधनाची गरज नाही, फक्त त्या वेळी कुठेही जाण्याची घाई नसावी.

निजानीज झाल्यावर दूरच्या रेल्वेगाडीची शिट्टी जवळ आल्यासारखी वाटते, याचा अनुभव आपणा सर्वांना असेल. एक तर दिवसभराची गजबज ओसरलेली असते. शिवाय निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. ज्या हवेतून ती शिट्टी आपल्यापर्यंत येते, त्याच हवेतून आपले हसणेही कोणाच्या तरी खिडकीत पोहोचत असते, हे रस्त्याने जाणाऱ्या चौघांच्या कोंडाळ्याला सहसा सुचत नाही. दोघे असतील तर प्रश्न येत नाही. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन माणसांना समोरासमोर बसल्याप्रमाणे सतत बोलत राहावे लागत नाही, आणि मधली शांतता अवघड होत नाही.

हे सारे सर्वांना सारखेच सहज मिळते, असे मात्र मी म्हणणार नाही. निर्धास्तपणे रेंगाळण्यासाठी पदपथ सलग असावा लागतो, बसायला बाक लागतो, स्वच्छ स्वच्छतागृह लागते, आणि परतीची गाडी मिळेल याची खात्री लागते. एकट्या स्त्रीला, म्हाताऱ्या माणसाला, चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्याला यातली एक गोष्ट जरी नसली तरी सगळी रात्र हिशेब करण्यात जाते, आणि मनात हिशेब चालू असताना निवांतपणा कसा येणार? शहरे आपल्या रात्रींची जाहिरात रोषणाईने करतात. मी त्यांची पारख शेवटच्या बसवरून करतो. ती उशिरापर्यंत असेल आणि थांब्यावर उजेड असेल, तर त्या शहराला रात्री घराबाहेर असलेल्या सामान्य माणसाची आठवण आहे असे मी समजतो.

आपण आज बाहेर पडणार असाल, तर परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवा, म्हणजे बाकावर बसल्यावर पुन्हा पुन्हा घड्याळ पाहावे लागणार नाही. नमस्कार.