127 मिलिसेकंदांची रांग

[दृश्य: वाशी. शिशाच्या कवचातली कुपी पेटीत ठेवली जाते.]

वाशीच्या ब्रिट (किरणोत्सर्गी पदार्थ पुरवणारी सरकारी संस्था) संकुलातून रुग्णालयांसाठी मॉलिब्डेनम-99 निघते. त्याचे अर्धायुष्य 66 तास. त्यातून तयार होणारे टेक्नेशियम-99एम सहा तासांत निम्मे होते: सकाळी 8 ला यंत्रावर 100 आकडा असेल, तर दुपारी 2 ला 50. कुपीत अब्जावधी अणू, हाताशी अख्खा दिवस. मोजणे सोपे.

कॅडमियम-130 इतकी सवड देत नाही. त्यात 48 प्रोटॉन, 82 न्यूट्रॉन. न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा केंद्रके धडाधड न्यूट्रॉन गिळतात. पण 82 भरले की 83 वा टिकत नाही. मग बीटा क्षय होईपर्यंत, म्हणजे एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन (बीटा कण) बाहेर पडेपर्यंत, तिथेच ताटकळायचे. वाशी टोलनाक्यावर ट्रकची पावती रेंगाळली की मागे रांग लागते, तसेच. साचलेला हा माल पुढे क्षय पावत टेल्युरियम-130 होतो.

[दृश्य: सिलिकॉनची चकती, अगदी जवळून.]

टोकियोजवळ वाको इथे रिकेन संस्थेत युरेनियम-238 चा झोत प्रकाशाच्या 68 टक्के वेगाने बेरिलियमवर मारतात. तुकड्यांतून कॅडमियम-130 चुंबकांनी वेगळे काढून 1 मिमी जाडीच्या चकत्यांत रुतवतात. चकतीच्या एका बाजूला उभ्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला आडव्या. केंद्रक कोणत्या चौकटीत, कधी थांबले ते त्यावरून कळते. त्याच चौकटीतून बीटा कण निघाला की घड्याळ थांबवायचे.

घोळ होतो तो इथेच. रुतणाऱ्या केंद्रकाचा सिग्नल बीटाच्या हजारो पट मोठा, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर काही क्षण आंधळा होतो. झोत वाढवला तर पहिल्याचा क्षय होण्याआधीच त्या चौकटीत दुसरे येऊन बसते, मग बीटा कोणाचा? झोत कमी केला तर नोंदी मूठभर. शिवाय या क्षयातून तयार झालेले इंडियम-130 सुद्धा लगेच क्षय पावते; त्याचा वाटा वेगळा काढावाच लागतो.

कॅडमियम-130 च्या अर्धायुष्याचा जुना आकडा 162 मिलिसेकंद होता. रिकेनने 2015 मध्ये 127 काढला. 2016 मध्ये कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेने 126. फरक किरकोळ वाटेल, पण 82 न्यूट्रॉनवाल्या शेजाऱ्यांची सैद्धांतिक गणिते या एका आकड्यावर बेतलेली होती. गजच लांब, म्हणून सगळ्यांचीच अर्धायुष्ये लांबलेली.

ठाण्यात गोखले रोडवर तोळ्याने विकले जाणारे सोने पुढच्या नाक्याचे, 126 न्यूट्रॉनांचे. तिथे रांगेत थांबणारी बहुतेक केंद्रके अजून कोणत्याही चकतीत रुतलेली नाहीत.