मोनार्क्सना काय मिळालं?

जॅकी रॉबिन्सनची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकन बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली. खरं आहे ते. पण त्याआधी तो कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघात होता. आपला खेळाडू गेला, त्याबद्दल मोनार्क्सना किती पैसे मिळाले? छदामही नाही.

ही भिंत कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोकडून वरच्या, म्हणजे मेजर लीगमध्ये खेळला होता. पुढे मालकांनी आपापसांत ठरवून टाकलं आणि दार बंद झालं. लेखी काहीच नसल्यामुळे दाद मागायची तरी कुणाकडे?

मग रूब फॉस्टरनं १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतल्या एका वायएमसीएत कृष्णवर्णीय संघांच्या मालकांना एकत्र बसवलं आणि ‘निग्रो नॅशनल लीग’ उभी केली. (त्या काळचं नाव आहे, म्हणून तसंच घेतो.) फॉस्टर स्वतः नामांकित पिचर (चेंडू टाकणारा), शिकागो अमेरिकन जायंट्सचा मालक आणि पक्का हिशेबी. सामन्यांच्या गल्ल्यातले पाच टक्के तो घ्यायचा. इतर मालक कुरकुरायचे, पण सामने ठरवणं, लीग चालवणं त्याच्याच डोक्यावर होतं. १९२६ मध्ये त्याचं मानसिक संतुलन ढळलं, १९३० मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी लीग बुडाली.

मोनार्क्सचा मालक जे. एल. विल्किन्सन मात्र गोरा होता. मंदीत दिवसा कामावर असलेला माणूस मॅचला येणार कसा? त्यानं ट्रकवर उंच खांब बसवले, त्यांना दिवे लावले, सोबत जनरेटर घेतला आणि हे सगळं बिऱ्हाड गावोगाव फिरवत १९३० पासून रात्रीचे सामने सुरू केले. गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना झाला १९३५ मध्ये, सिनसिनाटीत.

आता पैशांकडे येतो. डॉजर्सचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीचं म्हणणं असं, की कृष्णवर्णीयांच्या लीगचे करार करार म्हणण्याच्या लायकीचेच नाहीत, मग भरपाई कसली? ज्यांनी दार बंद ठेवलं, तेच आता आत ये म्हणताना मागच्या घरमालकाला ओळखही देईनात! मोनार्क्स अखेर गप्प बसले. रॉबिन्सनच्या वाटेत आडवं येण्याचा आरोप अंगावर कोण घेणार?

न्यूअर्क ईगल्सची मालकीण एफा मॅनली मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिचा खेळाडू डॉन न्यूकोम्बही रिकीनं असाच फुकटात नेला होता. १९४७ मध्ये क्लीव्हलँड संघाचा मालक बिल व्हेक याला तिचा लॅरी डोबी हवा होता, तेव्हा तिनं सौदा केला: दहा हजार डॉलर, आणि डोबी संघात टिकला तर आणखी पाच हजार. गोऱ्या खेळाडूसाठी याच्या कितीतरी पट मोजले असते, हे तिनं व्हेकला सुनावलं. व्हेकनं पैसे दिले. पुढे तिच्याच माँटी इर्विनवर रिकीनं हात टाकला, तेव्हा तिनं हरकत घेतली. रिकी मागे हटला आणि न्यू यॉर्क जायंट्सनी पैसे मोजून इर्विनला घेतलं.

तोवर कृष्णवर्णीय प्रेक्षक डॉजर्सकडे वळले होते. १९४६ चे विजेते ईगल्स १९४८ चा हंगाम संपल्यावर विकले गेले, १९३३ मध्ये त्याच नावानं पुन्हा उभी राहिलेली निग्रो नॅशनल लीगही त्याच वर्षी बंद पडली. उरलेले संघ मग खेळाडू विकूनच दिवस काढू लागले. इंडियानापोलिस क्लाउन्सनी १९५२ मध्ये असाच एक अठरा वर्षांचा मुलगा ब्रेव्ह्जना विकला. पुढे सर्वाधिक होम रनचा विक्रम करणाऱ्या त्या मुलाचं नाव हँक आरन.