नव्या घागरीचं पाणी

(दृश्य: सकाळचं जालना बसस्थानक. गर्दीत हातात कापडी पिशवी घेतलेली आई.)

आईची कॅन्सरची केमो संपून सात महिने झाले. तरी महिन्यातून एकदा आम्ही जालन्याहून छत्रपती संभाजीनगरची एसटी धरतो. साठेक किलोमीटरचा रस्ता. त्या दिवशी औषध नसतं, सलाईनची बाटली नसते. छातीच्या कातडीखाली बसवलेला पोर्ट तेवढा धुवून घ्यायचा असतो. दवाखान्यात याला फ्लश म्हणतात. आई शेजारणीला सांगते, "नळी धुवायला चालले."

पोर्ट म्हणजे केमोचं औषध सोडायची मोठ्या नाण्याएवढी डबी. तिच्यातून निघालेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या दाराशी पोचते. पडून राहिली तर तिच्यात रक्त गोठतं, नळी बंद पडते. म्हणून ही वारी.

(दृश्य: सिस्टरचे हात. फक्त हात.)

स्पिरिटचा बोळा फिरतो. सुई डबीत बसते. सिस्टर आधी दट्ट्या थोडा मागे ओढते, सिरिंजमध्ये लाल धागा दिसतो, म्हणजे वाट मोकळी आहे. मग सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, आत जातं. एका दमात नाही, थांबत थांबत. ढकल, थांब, ढकल, थांब. त्यामुळे आत पाणी घुसळतं आणि नळीच्या भिंतीला चिकटलेलं निघून जातं. सिरिंज १० मिलीची. त्यात मीठ अवघं ९० मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही.

केमोच्या दुसऱ्या खेपेला असंच फ्लश करताना आईनं तोंड वाकडं केलं. "सिस्टर, तोंडात कायतरी आलं बघा." सिस्टर चांगलीच होती, प्रेमानं म्हणाली, "मावशी, नुसतं मिठाचं पाणी आहे. शिरेत चाललंय, तोंडात कसं येईल?" आणि मी स्टुलावर बसून म्हणालो, "आई, मनात काही आणू नको."

माझं ते वाक्य मला अजून टोचतं. कारण पुढचे तीन महिने आई त्याबद्दल बोललीच नाही. फ्लशच्या वेळी पदर तोंडाला लावायची, डोळे मिटून घ्यायची. एकदा परतताना, बदनापूर मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नव्या घागरीतलं पाणी पिल्यावानी लागतंय. उन्हात तापलेल्या."

ही चव आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, घराघरातून प्लास्टिकच्या घागरी निघतात. नवी घागर दिवसभर उन्हात राहिली की त्यातला पहिला घोट नको वाटतो. आईनं चव सांगितली आणि नकळत कारणही सांगून टाकलं.

(दृश्य: सीलबंद सिरिंज, जवळून.)

ही तक्रार जगभरचे रुग्ण करतात. कुणाला लोखंड चाटल्यासारखं लागतं, कुणाला औषधासारखं, कुणाला प्लास्टिक. धडधाकट माणसांवर चाचण्या झाल्या, तेव्हा त्यांनाही चव आणि वास जाणवला. म्हणजे हा केमोनं बिघडलेल्या जिभेचाच खेळ नाही, आणि मनाचा तर नाहीच. त्यातही कारखान्यातून भरून आलेल्या सिरिंजमधून फ्लश केलं की त्रास जास्त आढळला, आयत्या वेळी भरलेल्या सिरिंजमधून कमी. सलाईन दोन्हींत सारखंच. संशय आहे तो प्लास्टिकवर. निर्जंतुक करताना आणि नंतर साठवणीत त्यातून उडून जाणारे काही पदार्थ सूक्ष्म प्रमाणात पाण्यात उतरत असावेत. तयार सिरिंज वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. भरताना होणारी हाताळणी तिच्यात टळते, आणि केमोच्या रुग्णाला जंतूंपासून जपणं फार मोलाचं आहे.

मग शिरेतलं तोंडात येतं कसं? शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथून फुप्फुसात. उडून जाणारा पदार्थ तिथे श्वासात मिसळतो आणि बाहेर पडताना घशामागून नाकात शिरतो. सर्दीत जेवण बेचव का लागतं ते आठवा, आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा वाटा नाकाचा असतो. गोठवून ठेवलेल्या मूळ पेशी रुग्णाला देतात, तेव्हा त्यातल्या रसायनामुळे श्वासाला लसणासारखा वास येतो. वाट हीच.

आणि शिरेतलं तोंडात येतं हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. १९३० च्या दशकात रक्त किती वेगानं फिरतं ते मोजायला हाताच्या शिरेत सॅकरिन हे गोड रसायन टोचत आणि घड्याळ धरून बसत. ते श्वासातून नाही, रक्तातूनच जिभेशी पोचायचं. रुग्ण म्हणाला "गोड लागलं", की वेळ लिहायची. साधारण ९ ते १६ सेकंद. हृदय थकलेलं असेल तर जास्त. रोग्याच्या जिभेवर विश्वास ठेवून निदान होत होतं, हे वाचलं आणि मला तो स्टूल आठवला.

(दृश्य: वॉर्डाबाहेरचा बाक. डबा उघडून बसलेली माणसं.)

चव बहुतेकांची मिनिटाभरात जाते. पण केमोत आधीच मळमळ असते, आणि एकदा पोटात ढवळलं की मेंदू गाठ मारून ठेवतो. मग सिरिंज दिसली तरी ओकारी येते. म्हणून चव येईल हे रुग्णाला आधी सांगणं गरजेचं. कुणी लिमलेटची गोळी गालात धरतं, कुणी लवंग, वेलदोडा. मधुमेह असेल तर गोळी बिनसाखरेची. तोंड आलं असेल तर आंबट आणि तिखट नको. फ्लश नको असं मात्र म्हणू नका, नळी बंद पडेल.

एक गोष्ट वेगळी ओळखा. फ्लशनंतर तासाभरात हुडहुडी भरली, ताप चढला, सुईची जागा सुजली किंवा आग झाली, दम लागला, तर ते चवीचं दुखणं नाही. नळीत जंतू असू शकतात किंवा दुसरं काही बिघडलेलं असू शकतं. एसटीत बसला असाल तरी उतरा, दवाखान्यात परत जा.

(दृश्य: पुन्हा सिस्टरचे हात. शेजारी आईचा चेहरा.)

आता सिस्टर आधी सांगते, "मावशी, सोडते हं पाणी. तोंडात येईल जरा." आई लवंग गालात सरकवते आणि हळू आवाजात मोजायला लागते. पोर्टची नळी हृदयाशीच असल्यानं तिला हाताच्या शिरेएवढी वाट बघावी लागत नाही.

"एक. दोन. तीन. चार... आली."

सिस्टर थांबते. आई मान हलवते, "जाऊ द्या पुढं."